लोण्याचा गिलावा

माझ्या धाकट्या बहिणीला, सबोहतला, राग येतच नाही असं आमच्या घरात सगळे धरून चालले होते. राग येणं हे माझं खातं. मी आमच्या इस्फरा शहराच्या बाजारात कापड विकते, दिवसभर घासाघीस करते, जिभेला धार ठेवावी लागते. सबोहत मात्र पाळण्यापासून गप्प. आई म्हणायची, ही पोर विहिरीसारखी आहे, काहीही टाका, आवाज येत नाही. आम्ही हे पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो. आता आठवलं की माझीच मला चीड येते.

तिचा नवरा होतम अकरा वर्षं रशियात कामाला जायचा. मार्चमध्ये निघायचा, बर्फ पडायला लागलं की परत यायचा. तिथे उंच उंच इमारतींच्या भिंतींना गिलावा करायचा, त्यावर पुट्टी ओढायचा. हात चांगला होता त्याचा, हे मी आजही नाकारत नाही. इकडे सबोहत बालवाडीच्या स्वयंपाकघरात होती. तिथल्या म्हाताऱ्या आचारीणबाईंनी तिला केक शिकवला, आणि बाई वारल्यावर ती घरीच केक करून विकायला लागली. आमच्याकडे केक कशाला लागत नाही? लग्नाला लागतो, सुंतेला लागतो, पोरगी परीक्षा पास झाली की लागतो. लोणी आणि डब्यातलं आटवलेलं गोड दूध एकत्र फेटून ती क्रीम करायची, आणि थरांच्या मधे आंबटसर जर्दाळूचा मुरंबा. तो केक खाल्लेला माणूस बशीसुद्धा निपटून काढायचा.

पण वरून बघाल तर देवी येऊन गेलेल्या तोंडासारखा. खड्डे, रेघा, मधूनच डोकावणारा चुरा. आधी ते खपून जायचं, कारण वर क्रीमचे गुलाब काढले की सगळं झाकलं जायचं. मग लोकांची आवड पालटली. गुलाब नकोत म्हणायला लागले. नुसता गुळगुळीत, चुना काढलेल्या भिंतीसारखा पांढरा केक, आणि कोपऱ्यात एक खरं फूल. बायका फोन पुढे करून फोटो दाखवायच्या, असा पाहिजे. सबोहत मान हलवायची आणि घरी येऊन तासन्‌तास क्रीमवरून चपटं पातं फिरवत बसायची. एक रेघ मिटवली की दुसरी उमटायची. शेवटी क्रीम इतकं पातळ व्हायचं की खालचा केक दिसायला लागायचा. दोन वर्षं तिने हे केलं. एका बाईने तर केक घेताना माझ्यादेखत म्हटलं, चवीचं जाऊ द्या, फोटोत काय दिसणार? सबोहत तिची माफी मागत होती.

गेल्या वर्षी जुलैत होतम परांचीवरून पडला. गुडघ्याचं हाड सांधलं, पण पाय वाकेना. शिडी चढणं संपलं म्हणजे रशिया संपला. तो घरी येऊन ओसरीवर बसला, आणि महिनाभर कोणाशी धड बोलला नाही. सबोहतने त्याचं सगळं केलं. पायाला तेल चोळलं, डॉक्टर केले, आणि केकही केले, कारण आता घर त्या केकांवरच चाललं होतं.

ऑक्टोबरातली गोष्ट. ती एका लग्नाचा केक चोपडत बसली होती. होतम दारात उभा राहून बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, हा काय गिलावा आहे? मग कोपरापर्यंत हात धुऊन आला, आपल्या हत्यारांच्या पिशवीतून कागदात गुंडाळलेलं एक कोरं पातं काढलं, उकळत्या पाण्याने धुतलं, आणि क्रीमचं पातेलं पुढ्यात ओढलं. पातेल्यातलं क्रीम तो आधी नुसतंच ढवळत बसला. सबोहतला वाटलं, सवय असेल. मग त्याने क्रीम लावलं, केकखालचा गोल फिरता पाट फिरवला, आणि पंधरा मिनिटांत तो केक असा झाला की त्यावर खिडकीचा उजेड घसरून पडत होता. सबोहतच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा ते आनंदाचं होतं. तिने मला फोन करून सांगितलं, आपा, यांचं हसू परत आलं गं.

तिने त्याला तेव्हाच विचारलं होतं, हे कसं केलंत? तो म्हणाला, "हे हातात असतं. शिकवून येत नाही."

तिने ते खरं मानलं.

पुढचं सगळं होतमच्या बहिणीने, शोइराने केलं. ती फोन घेऊन आली आणि तिने भावाचा व्हिडिओ काढला. दाढीवाला, एक पाय ताठ असलेला गवंडी केकला गिलावा करतोय. चहाखान्यातली माणसं आधी खो खो हसली. काय रे होतम, आता बाळंतविडाही विणणार का, असं विचारायची. मग तो व्हिडिओ खुजंदपर्यंत गेला, पार राजधानीत, दुशान्बेपर्यंत गेला, रशियातल्या त्याच्या जुन्या सोबत्यांनीही बघितला, आणि हसणं बंद झालं. लोक त्याला उस्ता होतम म्हणायला लागले. उस्ता म्हणजे आपल्या कामातला गुरू. आमच्याकडे हा शब्द कोणाला उगाच देत नाहीत. नव्या वर्षाच्या आधी शोइराने फोनवरच्या पानाचं नावही बदललं. पाच वर्षं तिथे ‘सबोहतचे केक’ असं होतं. आता ‘उस्ता होतमचे केक’ झालं. सबोहतला विचारलं नाही. मी विचारलं तेव्हा शोइरा म्हणाली, घरातलंच तर आहे, आपा, माझं-तुझं काय करायचं त्यात?

घरातलंच. पहाटे चारला उठून अंडी फोडायची सबोहतने. केक भाजायचा, थर कापायचे, मुरंबा शिजवायचा, क्रीम फेटायचं तिने. भांडी घासायची तिने. हिवाळ्यात वीज गेली की केक उचलून बाहेरच्या थंड पडवीत नेऊन झाकून ठेवायचे तिने. मग नऊ वाजता उस्ता चहा पिऊन यायचे, पंधरा मिनिटं पातं फिरवायचे, आणि शोइरा तेवढ्याचाच व्हिडिओ काढायची. गिऱ्हाइकांचे फोन यायचे, उस्ता आहेत का? सबोहतने सांगितलेला भावही लोक पुन्हा त्याला विचारून पक्का करायचे.

मार्चमध्ये नवरोजच्या सणाच्या सुमारास मी तिच्याबरोबर एका घरी केक पोचवायला गेले होते. यजमानीणबाईंनी केकभोवती फेरी मारली, माशाल्ला म्हणाल्या, आणि सबोहतकडे वळून विचारलं, "तू उस्तांकडे मदतीला असतेस का, पोरी?"

सबोहत म्हणाली, "हो."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. हो का म्हणालीस? तोंड नव्हतं तुला? ती गाडीत बसली, हात मांडीवर ठेवले. म्हणाली, "नाही म्हणून काय सांगू, आपा? केक बघून खूश झाल्या ना त्या. आणि जे बघून खूश झाल्या ते माझं नव्हतंच." तिचा आवाज चढला नव्हता. पण तिने दार इतक्या जोरात ओढलं की काचेचं रबर सुटून खाली लोंबायला लागलं. विहिरीतून आलेला पहिला आवाज मी तेव्हा ऐकला.

त्यानंतर मला कळलं की ती ऑक्टोबरपासूनच चोरून सराव करतेय. होतम मशिदीत गेला की मोठं पातेलं पाटावर पालथं घालायची, त्याला उरलेलं क्रीम लावायची, चोपडायची, खरवडून काढायची, पुन्हा लावायची. तिने त्याला अजून दोनदा विचारलं होतं. एकदा तो म्हणाला, तुझं मनगट तसं नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, तू कशाला त्रास घेतेस, मी आहे ना. कधी कधी तो वेळेआधी परत यायचा आणि दारातून बघत राहायचा. बघायचा, आणि काही न बोलता आत जायचा. सबोहतला वाटायचं, आपल्या हातालाच काही शाप आहे.

जूनमध्ये शोइराने वर्ग जाहीर केला. तीन दिवसांचा, बारा बायकांसाठी, ‘उस्ता होतमकडून शिका, केकला काचेसारखा हात’. बंद पडलेल्या शिवणकारखान्याची खोली भाड्याने घेतली, आइस्क्रीमचा जुना फ्रीज आणून ठेवला. सबोहतला सांगण्यात आलं की रोज बारा केक भाजायचे आणि दोन बादल्या क्रीम करून पाठवायचं.

ती म्हणाली, "पण हे शिकवून येत नाही ना?"

होतम चहा पीत होता. म्हणाला, "लोक एवढी फी देतायत, तर काहीतरी सांगावं लागतंच."

वर्गाच्या दिवशी पहाटे तिने बारा केक केले, क्रीम केलं, सगळं गाडीत भरून दिलं. मग आंघोळ केली, तिचा रेशमी अतलसचा झगा घातला, जो ती फक्त लग्नाला घालते, आणि माझ्या दारात येऊन उभी राहिली. दुकान आज उघडू नकोस म्हणाली. एक बाई ऐन वेळी येणार नाही म्हणून कळलंय, एक जागा रिकामी आहे. मी कुठली जागा विचारलं, तेव्हा तिने पर्स उघडून वर्गाची पूर्ण फी दाखवली. तिच्या स्वतःच्या साठवणीतली. मला तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं की आज वाद घालायचा नाही.

दारात शोइरा नावं लिहून घेत होती. सबोहतने पैसे तिच्या टेबलावर ठेवले. शोइरा हसली, वहिनी, थट्टा काय करतेस, आत जा, क्रीम वाटायचंय. सबोहत म्हणाली, "क्रीम पाठवलंय. मी शिकायला आलेय. नाव लिही." मागे बायका उभ्या होत्या. शोइराने नाव लिहिलं.

ती अकराव्या टेबलाशी उभी राहिली, मी तिच्यामागे स्टूलवर. होतम आला. पांढरा कोट घातला होता, वर नाव शिवलेलं. त्याने बायकोला पाहिलं आणि क्षणभर त्याचा पाय तिथेच अडला. पण अकरा बायका वही उघडून बसल्या होत्या. त्याने घसा साफ केला आणि सुरुवात केली.

आणि त्याने सगळं सांगितलं. त्याचं एक मानावं लागेल, शिकवायला तो चोख होता. म्हणाला, क्रीम फेटून झालं म्हणजे झालं असं नाही; त्यात हवा भरलेली असते, तीच पुढे खड्डे पाडते. लाकडी चमच्याने पातेल्याच्या कडेला दाबत दाबत दहा मिनिटं ढवळा, पुट्टीतली हवा काढतात तशी. पहिला हात पातळ द्या, तो फक्त चुरा धरून ठेवायला. मग केक पक्का गार करा. दुसरा हात हवा त्यापेक्षा जाड द्या, कारण त्यातलं काढायचंच असतं. पातं केकला काटकोनात धरू नका, तसं ते खरवडतं. मागे झुकवा, म्हणजे चोपडतं. कोपर कमरेला चिकटवा. हात हलवायचा नाही, पाट फिरवायचा. आणि एक फेरा पुरा होईपर्यंत पातं उचलायचं नाही. शेवटी गरम पाण्यात बुडवलेलं, पुसून कोरडं केलेलं पातं एकदाच फिरवा.

बायका भराभर लिहून घेत होत्या. सबोहत लिहीत नव्हती. तिची मान हळूहळू लाल होत गेलेली मला मागून दिसत होती. तो ढवळत बसायचा ते सवय म्हणून नव्हतं तर. ती आठ महिने पातं काटकोनात धरत होती, अर्ध्यात उचलत होती, आणि तो दारात उभा राहून ते बघत होता.

तिने हात वर केला. "उस्ता, एक विचारायचंय."

तिने त्याला उस्ता म्हटलेलं कोणी कधी ऐकलं नव्हतं. घरी ती ‘अहो’ म्हणते.

"विचार," तो म्हणाला, आणि लगेच, "विचारा."

"पातं अर्ध्यात उचललं तर काय होतं?"

"रेघ पडते."

"आणि कोणी रोज अर्ध्यातच उचलत असेल, तर ते बघणाऱ्याने तिला सांगावं का?"

होतम हातातल्या पात्याकडे बघत होता. म्हणाला, "सांगावं."

"किती महिन्यांनी?"

तो फडक्याने पातं पुसायला लागला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ही उस्तांचीच बायको, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी शेजारणीच्या कानात सांगितलं, आणि मिनिटभरात सगळ्या खोलीला ठाऊक झालं. सबोहतने वाट बघितली. मग तिने पातेलं पुढे ओढलं आणि ढवळायला लागली, कडेला दाबत दाबत, घड्याळ लावून दहा मिनिटं. पहिला पातळ हात देऊन केक फ्रीजमध्ये पक्का गार केला. मग तिने जाड हात दिला, कोपर कमरेला रोवलं, पातं झुकवलं आणि डाव्या हाताने पाट फिरवला. एक फेरा. मग दुसरा, गरम पात्याने. वरच्या कडेला एक वाटाण्याएवढा खड्डा राहिला होता. बाकी केक गुळगुळीत होता. दोन वर्षं रडवलेली गोष्ट तासाभरात झाली.

ती हसली नाही. मला तर ओरडावंसं वाटत होतं. तिने केककडे असं बघितलं जसं कोणी चोरीला गेलेली आपली वस्तू शेजाऱ्याच्या घरात बघावी.

मग एक प्रकार झाला. पुढच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या बाईने बोटाला लागलेलं क्रीम चाखलं आणि म्हणाली, उस्ता, हे तर आमच्या लहानपणीचं क्रीम आहे, हे कसं करायचं ते सांगा. होतम म्हणाला, लोणी जरा वितळवून घ्यायचं, मग दूध घालून फेटायचं. म्हातारीने विचारलं, दूध सगळं एकदम? तो म्हणाला, एकदमच. तिने विचारलं, आणि फाटलं तर? होतमने मान वर केली आणि पहिल्यांदाच अकराव्या टेबलाकडे सरळ बघितलं.

तिच्या जागी मी असते तर तोंड मिटून उभी राहिले असते. शिक म्हणावं आता बारा बायकांपुढे. पण सबोहत पुढे गेली. ती कोणावर उपकार केल्यासारखं बोलली नाही, गोडही बोलली नाही. आवाजात राग तसाच होता. म्हणाली, लोणी वितळवायचं नाही, वितळलं की संपलं. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट आत जाऊ नये. दूध आणि लोणी सारखंच गार हवं, दोन्ही रात्रभर एकाच ठिकाणी ठेवा. लोणी पांढरं होईपर्यंत एकटंच फेटा. मग दूध एकेक चमचा. चमचा जिरला की दुसरा. फाटलं तर घाबरू नका, पातेलं गरम पाण्यावर दहा आकडे मोजेपर्यंत धरा आणि पुन्हा फेटा. मुरंब्यात साखर कमी घाला, जर्दाळू आंबट राहू द्या, नाहीतर गोडावर गोड होतं. आचारीणबाईंनी सांगितलेलं आणि स्वतःला सुचलेलं, सगळं तिने दिलं. चिमूटभरही मागे ठेवलं नाही. म्हातारीने विचारलं, पोरी, तुला हे सगळं कसं ठाऊक? ती म्हणाली, "केक मी करते. पाच वर्षं मीच करते."

होतम खिडकीशी उभा होता. त्याचा पांढरा कोट घामाने पाठीला चिकटला होता.

घरी आल्यावर त्याने दार लावायच्या आतच तोंड उघडलं. बारा बायकांपुढे माझी लाज काढलीस, म्हणाला. शोइराच्या डोळ्याला डोळा देता येईना मला. मी मधे बोलणार होते, पण सबोहतने हाताने मला थांबवलं.

"आठ महिने," ती म्हणाली. "मी पातेल्यावर सराव करत होते ते तुम्ही बघत होतात. एक वाक्य लागलं असतं. पातं उचलू नकोस, एवढंच. परक्या बायकांना पैशासाठी सांगितलंत. मी तर तुमचं जेवणही करत होते."

तो खाली बसला. पाय ताठ पुढे पसरून, भिंतीला टेकून. मग म्हणाला की अकरा वर्षं तिकडे त्याला कोणी नावाने हाक मारली नाही. ए, अशी हाक. इकडे आला तर लंगडा. मग या एका गोष्टीने लोक उस्ता म्हणायला लागले. "तुला ते आलं असतं, तर माझं काय उरलं असतं? क्रीम तुझं, केक तुझा. मी ओसरीवरचा लंगडा."

मला, खरं सांगते, त्याची दया आली. सबोहतलाही आली असावी. तिने त्याला उशी दिली पायाखाली. पण ती म्हणाली, "तुमचं दुःख मला कळलं. माझा राग त्याने कमी होत नाही. मला तुमची मदतनीस म्हणाले आणि मी हो म्हटलं. ते हो तुम्ही माझ्या तोंडात घातलंत."

दुसऱ्या दिवशी तिने शोइराला फोन करून पानाचं नाव पुन्हा ‘सबोहतचे केक’ करायला लावलं. शोइरा कुरकुरली, तेव्हा सबोहत तिच्या घरी गेली आणि बदल होईपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली. वर्गाचे उरलेले दोन दिवस होतमने पुरे केले. क्रीम कसं करायचं हे सांगायची वेळ आली की तो म्हणायचा, ते माझ्या बायकोला विचारा. हे मला त्याच म्हातारीने सांगितलं. सबोहतला मी सांगितलं, तर ती म्हणाली, बरं.

आई तिच्यामागे लागली आहे, पुरुषमाणूस आहे, पांगळा झालाय, विसरून जा. सबोहत तिला उलटं बोलत नाही. पण विसरतही नाही. तिने दुसरा पाट विकत घेतला. आता स्वयंपाकघरात दोन पाट आहेत, एक होतमचा, एक तिचा, आणि तिच्या केकला हात ती स्वतः देते. होतमइतका सफाईदार तो अजून नाही. वरच्या कडेला गडबड होते. दोन जुनी गिऱ्हाइकं म्हणाली, उस्तांकडूनच करून द्या. तिने त्यांना सांगितलं, मग उस्तांकडून केकही भाजून घ्या.

ऑगस्टात भयंकर उन्हाळा होता. मी सकाळी तिच्याकडे गेले होते, तेव्हा ती कड साधत होती आणि क्रीम सारखं ओघळत होतं. होतम दारात आला. उंबऱ्याबाहेरच थांबला. म्हणाला, "कड बाहेरून आत ओढ, मध्याकडे. आणि दर वेळी पातं पूस. भरलेलं पातं पुन्हा लावलं की कड मोडते."

सबोहतचा हात थांबला. "हे वर्गात सांगितलं नव्हतंत."

"नव्हतं. ते मलाही कालच कळलं. माझीही मोडत होती."

ती त्याच्याकडे बघत राहिली. खरं बोलतोय की नाही, हे ती तपासत होती, आणि त्याला ते दिसत होतं. तो नजर न हलवता उभा राहिला. मग तिने पातं पुसलं आणि कड आत ओढली. पुसलं, ओढली. कड धरून राहिली.

तिने त्याला ‘बरं’सुद्धा म्हटलं नाही. केक फ्रीजमध्ये ठेवला, हात धुतले आणि किटलीतून तीन पेले चहा ओतला. एक त्याच्या हातात दिला, एक मला, आणि स्वतःचा पेला घेऊन ती अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली जाऊन एकटीच बसली.